गाडा हलका चालला

बालाघाटच्या उतरणीवर धामणखेड नावाचे एक लहान गाव आहे. गावाला दगडी वेस आहे, वेशीत मारुती आहे, आणि मारुतीसमोरच्या देवडीत पुष्कळ वर्षे एक महाराज बसत असत. त्यांचे मूळ नाव काय, ते कुठून आले, हे कुणालाच ठाऊक नव्हते. विचारले तर म्हणत, "वेशीत बसलोय, एवढं पुरं की." म्हणून लोक त्यांना वेशीवरचे महाराज म्हणू लागले. अंगावर काळी घोंगडी, हाताशी एक काठी, एवढाच त्यांचा संसार. घोंगडीचा कोपरा फाटला होता आणि त्याला लाल लुगड्याचे ठिगळ होते. हे ठिगळ लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

भाविकहो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या महाराजांनी कधी रिकाम्या मुठीतून पेढा काढला नाही की पाण्याचे तूप केले नाही. उलट, आजारी लेकरू घेऊन एखादी बाई अंगारा मागायला आली की महाराज तिलाच उलटतपासणीला घ्यायचे. ताप कधीपासून आहे? अंगावर पितं का? मग लेकराचे झबले वर करून पोटाकडे टक लावून बघत बसायचे. म्हणायचे, "हे बघ माय, साधा खोकला असंल तर तुळशीचा रस दे, मी हितंच हाय. पण लेकरानं दूध सोडलं आन् श्वासासंगं पोट उडाया लागलं, तर माझ्याकडं यिऊ नको. तशीच तालुक्याच्या दवाखान्याची वाट धर. माझा अंगारा कुठं पळून जात न्हाई. आल्यावर लाव."

या बोलण्याची चावडीवर फार टिंगल व्हायची आणि टिंगल करणाऱ्यांचे पुढारी होते हणमंतराव मानकरी. मरीआईच्या गाड्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होता. माणूस वाईट नव्हता. कुणाचे वाईट त्यांनी कधी केले नाही, पण मान एवढी ताठ की देवळात शिरतानासुद्धा चौकट उंच करून घ्यावी लागली असती. ते म्हणायचे, "कसला हो हा महाराज! अंगारा मागावा तर दवाखान्याचा पत्ता सांगतो. कुंभाराच्या धुरपदेला तेवढा बरा सापडला देव."

धुरपदा ही कुंभारवाड्यातली लिंबाजीची बायको. रोज सकाळी मातीला जायच्या आधी ती देवडी झाडायची आणि महाराजांचा माठ ताज्या पाण्याने भरून ठेवायची. घोंगडीला ठिगळ लावले होते तेही तिनेच, आपल्या जुन्या लुगड्याचे. मानकऱ्यांचे बोलणे तिच्या कानावर यायचे. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माठ भरायची. तिला अकरा महिन्यांची एक मुलगी होती, तिचे नाव ठकू.

आता गाड्याची रीत सांगतो, कारण सगळी हकीकत तिच्यावरच उभी आहे. आषाढातल्या एका मंगळवारी गावातली रोगराई मरीआईच्या गाड्यात घालून शिवेबाहेर काढायची. गावचा सुतार दरवर्षी नवा गाडा करतो, बैलगाडीच्या निम्म्याने. त्यात लिंबाच्या डहाळ्या, हिरवा चोळीखण, दहीभात आणि घरटी एक जुनी केरसुणी घालतात. गडी तो दोराने ओढत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात आणि ओढताना, परतताना मागे वळून बघत नाहीत. मागे बघितले तर इडापिडा नजरेला धरून घरी येते म्हणतात. पुढच्या गावचे लोक शिवेवर वाटच बघत असतात. ते गाडा आपल्या शिवारात क्षणभरही उभा राहू देत नाहीत, तसाच ओढत त्याच्या पुढच्या गावाला नेऊन घालतात. असे करत करत गाडा शेवटी नदीवर जातो. त्या दिवशी धामणखेडची वेस बांधलेली असते. उगवतीपासून मावळतीपर्यंत कुणी बाहेर जायचे नाही, कुणी आत यायचे नाही. गाडा ओढणारे गडीसुद्धा दिवेलागणीपर्यंत वेशीबाहेरच बसून राहतात.

सत्तरएक वर्षांपूर्वी अशाच गाड्याच्या आठवड्यात ठकूला ताप आला. त्या दिवशी रविवार होता. लिंबाजी गाढवे घेऊन घाटाखाली माती वाहायच्या कामावर गेलेला. सोमवारी खोकला वाढला, ठकूने दूध सोडले. सासूने आपल्या समजुतीप्रमाणे पोटावर बिब्ब्याचे चार डाग दिले. त्याने लेकरू फक्त जास्त रडले. संध्याकाळी धुरपदा मानकऱ्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "मालक, पहाटं उठून तालुक्याला जाऊ का?"

हणमंतराव म्हणाले, "उद्या मंगळवार. पहाटे वेस बांधायची आहे. परवा जा." ती परत आली. घरात पुरुष माणूस नाही, वाट चार कोसांची, दिवस मावळलेला. तिने रात्र कशीबशी काढली.

मंगळवारी उजाडताच तिने ठकूचे झबले वर केले. महाराजांनी इतक्या वेळा सांगितले होते, ते आता समोर दिसत होते. प्रत्येक श्वासाला पोट उडत होते आणि बरगड्यांखाली खळगा पडत होता. लेकरू रडतही नव्हते. ती तशीच उठली आणि वेशीकडे निघाली.

वेशीत लिंबाच्या पानांचा दोर आडवा बांधून झाला होता. गाडा सजून बाहेरच्या तोंडाला उभा होता. एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये, आणि मधोमध हणमंतराव उभे होते.

"मालक, वाट द्या," धुरपदा म्हणाली. "लेकराचं पोट उडायलंय."

"काल सांगितलं ना तुला? उद्या सकाळी जा."

"सकाळपातूर ऱ्हात न्हाई ही."

"वेस बांधली आहे, धुरपदे. तुझ्यासाठी सोडली आणि उद्या गावातली चार लेकरं तापली, तर त्यांच्या आयांना तोंड कुणी दाखवायचं? तू दाखवशील?"

मागून कुणीतरी म्हातारा पुटपुटला, "पोरगीच तर हाय." धुरपदेने ठकूला मानकऱ्यांसमोर धरले आणि झबले बाजूला केले.

हणमंतरावांनी पाहिले आणि मान फिरवली. मग त्यांचा आवाज चढला. "मला काय दाखवतेस? अठरा वर्षांमागं अशाच मंगळवारी माझा माधव तापला होता. त्याची आई हितंच उभी होती, आत्ता तू आहेस तिथं. मी माझ्या हातानं तिला माघारी फिरवलं. उजाडायच्या आत पोरगं गेलं. मी मुलगा दिलाय या वेशीला. मला कुणी शिकवायला येऊ नका."

गावाला ही गोष्ट ठाऊक होती, पण हणमंतरावांच्या तोंडून ती आजवर कुणी ऐकली नव्हती. बायकांच्या घोळक्यात त्यांच्या घरच्या, माधवच्या आई, भागीरथीबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर पुढे ओढून घेतला.

बोलून गेल्याचा मानकऱ्यांनाच राग आला असावा. तो त्यांनी देवडीकडे वळवला. "महाराज, बसलात काय? तुमची भक्तीण आलीय. सांगा की तिला दवाखान्याचा पत्ता."

महाराज काठी टेकत उठले. धुरपदेला वाटले, आता हे मानकऱ्यांना काहीतरी खडसावतील. पण महाराज म्हणाले, "हणमंता, वेस सोडू नको. नेम हाय तर पाळ." धुरपदेने ठकूला परत छातीशी ओढले. महाराज गाड्याजवळ गेले आणि आत वाकून बघू लागले. "मला एक सांग. ह्यात काय घालायचं असतं?"

"गावातली रोगराई," हणमंतराव म्हणाले. "लहान पोराला विचारलं तरी सांगेल."

"कुठं हाय मग?"

"त्या काय केरसुण्या घातल्यात."

"केरसुणीला ताप आलाय का?"

बाप्यांमध्ये कुणाला तरी हसू फुटले आणि ते त्याने खोकल्यावर नेले. महाराजांनी ठकूला आपल्या हातात घेतले. "आज गावात रोग हाय तो ह्या लेकराच्या छातीत. त्यो घरात ठिवायचा आन् केरसुण्या धाडायच्या, हे कुठलं बाबा? मरीआईला आपुन आई म्हनतो ना? मग तिच्या गाड्यात लेकराला जागा न्हाई व्हय? घाल ह्या दोघींस्नी गाड्यात. वेस बी सुटत न्हाई, नेम बी मोडत न्हाई. रोग शिवंबाहेर जातोय, रीतीनं."

पिढ्यान्‌पिढ्यांचा मान हणमंतरावांकडे होता, सगळे नियम पाठ होते. गाड्यात माणूस बसवू नये असा नियम त्यांनी मनात खूप शोधला, पण तो सापडला नाही. "असं आजवर कधी झालं नाही," एवढेच ते म्हणाले.

"झालं न्हाई. पण होऊ नये असं तरी कुठं हाय?"

गडी दोर धरून ताटकळले होते, ऊन वर यायला लागले होते. हणमंतराव दात आवळून म्हणाले, "बरं. जाऊ दे तिला. पण गाड्यातून गेली ती पाच दिवस या वेशीत यायची नाही. आणि तुम्ही, महाराज, आज या देवडीतून हलायचं नाही. गावात कुणी तापलं तर पहिला जाब तुम्हाला. मी समोर बसतो."

"मी कुठं जातो? माझं बूड हितंच असतं."

इतक्यात बायकांच्या घोळक्यातून भागीरथीबाई पुढे आल्या. मघाशीच त्या घरी जाऊन आल्या होत्या. त्यांच्या हातात एक लहानशी गोधडी होती, तान्ह्या मुलाला घालतात तेवढी, तुकड्या-तुकड्यांची. ती अठरा वर्षे पेटीच्या तळाशी होती. नवऱ्याकडे न बघता त्यांनी केरसुण्या बाजूला सारल्या आणि गोधडी लिंबाच्या डहाळ्यांवर अंथरली. हणमंतरावांनी ती ओळखली. "उताणी निजवू नको तिला," भागीरथीबाई धुरपदेला म्हणाल्या. "उभी धर, छातीशी. श्वासाला बरं पडतं."

धुरपदा गाड्यात बसली. महाराज तिच्याजवळ वाकले. "नदीपातूर ही गावं तुला नेतील. त्येच्या पुढं मी बघतो."

"बसल्या जागेवरून बघणार?" हणमंतराव म्हणाले.

"व्हय," महाराज म्हणाले, "बसल्या जागंवरनं."

हलगी वाजली आणि गाडा निघाला.

पुढची हकीकत मला दोन तोंडांनी कळली आहे. एक धुरपदेची, जी ती पुढे जन्मभर सांगत राहिली. दुसरी माझ्या आईच्या आजोबांची. ते खरबी गावचे, आणि त्या दिवशी खरबीच्या दोरावर पहिला हात त्यांचा होता.

धामणखेडपुढे ताडवाडी लागते. तिथले लोक शिवेवर उभे होते. गाड्यात जिवंत बाई आणि लेकरू बघून त्यांची गाळणच उडाली. एक जण म्हणाला, "आता हे काय नवीन?" दुसरा म्हणाला, "इचारत बसू नका, ओढा! हितं थांबली तर आपल्या शिवारात ऱ्हाईल." आणि ते जे पळत सुटले, ते ताडवाडीच्या हद्दीत त्यांनी गाडा श्वास घ्यायलाही थांबवला नाही. एरवी आजारी लेकराच्या आईसाठी कुणी इतक्या लगबगीने धावल्याचे मी ऐकलेले नाही. भीतीने का होईना, धावले खरे. एका प्रहराची वाट निम्म्या वेळात संपली. खरबीच्या शिवेवर दोर आमच्या पणजोबांच्या हातात आला.

पणजोबा सांगत, "गाडा नेहमी जड लागायचा. लाकूड ओलं, चाकं नवी, आणि त्यात त्या दिवशी एक माणूस बसलेलं. पण चढावरसुद्धा दोर ताणला जात नव्हता. कुणीतरी मागून रेटतंय असं वाटायचं. पण मागं तर बघायचं नव्हतं." शेवटपर्यंत त्यांचे एकच वाक्य असे, "गाडा हलका चालला."

नदीवर गाडा आला तेव्हा सूर्य डोक्यावर यायचा होता. दोन दिवस पावसाची उघडीप होती, पण वर डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी नदीला अजून होते, गढूळ आणि ओढीचे. रीतीप्रमाणे गाडा पाण्यात ढकलून द्यायचा. खरबीकरांनी तो काठावरच सोडला. "बाई, आमची हद्द सरली," पणजोबा म्हणाले, आणि सगळे माघारी फिरले. मागे वळून बघायचे नव्हते म्हणून कुणी बघितले नाही. हे सांगताना म्हातारपणीही त्यांची मान खाली जायची.

धुरपदा उतरली. पलीकडच्या काठावर तालुक्याच्या गावची कौले दिसत होती. ठकूला गोधडीत गुंडाळून तिने खांद्याशी घेतले आणि पाण्यात शिरली. तिसऱ्याच पावलाला पाणी कमरेला लागले आणि पायाखालची वाळू सरकली. ती पाठमोरीच मागे सरली. पुन्हा थोडी वरच्या अंगाने शिरली, पुन्हा तशीच मागे सरली. ठकूचे ओठ निळसर दिसू लागले होते. आता हाक मारायला कुणी नव्हते. तेव्हा तिने जे करायचे नाही ते केले. तिने मागे वळून बघितले.

गाड्याच्या मागच्या फळीवर दोन्ही हात टेकून, धापा टाकत, वेशीवरचे महाराज उभे होते. अंगावर तीच घोंगडी, कोपऱ्याला तेच लाल ठिगळ. पाय पोटरीपर्यंत काळ्या चिखलाने भरलेले.

"महाराज, तुमी?"

"गाडा रेटून रेटून कंबरडं मोडलं माझं," महाराज म्हणाले. "चल. लेकरू माझ्याकडं दे आन् घोंगडी घट धर."

त्यांनी ठकूला डोक्याच्या वर धरले आणि पाण्यात उतरले. धुरपदेने लाल ठिगळाचा कोपरा मुठीत आवळला. पाणी महाराजांच्या छातीपर्यंत आले, घोंगडी भिजून जड झाली, पण त्यांचे पाऊल कुठे डगमगले नाही. गोधडीला एक थेंबही न लागता ठकू पलीकडे पोचली.

दवाखान्याच्या दारात कंपाउंडर कुलूप हातात घेऊन उभा होता. "वेळ संपली. उद्या सकाळी या."

महाराजांनी काठी दारात आडवी घातली. "दार लाव की बाबा. पण आम्हाला आत घिऊन लाव."

आवाज ऐकून डॉक्टर हात पुशीत बाहेर आले. त्यांनी ठकूचे झबले वर केले, आणि पहिल्यांदा धुरपदेला शिव्याच खाव्या लागल्या. "आज आणता? दोन दिवस काय करत होता? आणि हे डाग कुणी दिले?" धुरपदेने मान खाली घातली. सांगायला लागली असती तर वेस, गाडा, तीन गावे, नदी, सगळेच सांगावे लागले असते. डॉक्टर बोलत होते तरी त्यांचे हात थांबले नव्हते. त्यांनी सुई दिली, औषध थेंब-थेंब पाजले, ओसरीवर खाट घालून दिली आणि दर थोड्या वेळाने स्वतः येऊन श्वास मोजत राहिले.

दिवस कलता कलता पोट उडायचे कमी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूने दूध ओढले. धुरपदा तेव्हा पहिल्यांदा रडली. डॉक्टर आता मऊ आवाजात बोलत होते. "बाई, काल संध्याकाळपर्यंत थांबली असतीस तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आणि तुझ्याबरोबरचा तो म्हातारा कुठं गेला? ओल्या घोंगडीनं दारात बसला होता. कोरडं धोतर काढून आणेपर्यंत दिसेनासा झाला."

दारात जिथे महाराज बसले होते तिथे पाण्याचा डाग अजून दिसत होता.

आता त्या मंगळवारी इकडे वेशीत काय चालले होते ते ऐका. हणमंतराव बोलल्याप्रमाणे समोरच्या देवडीत बसून होते. पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. महाराज घोंगडी पांघरून डोळे मिटून बसले होते. सकाळ गेली. मध्येच हणमंतरावांच्या ध्यानात आले की महाराजांना धाप लागली आहे, चढावर ओझे नेणाऱ्या माणसाला लागते तशी. म्हातारा माणूस, लागली असेल, असे म्हणून त्यांनी सोडून दिले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा भागीरथीबाई भाकरी घेऊन आल्या आणि देवडीच्या पायरीशी थबकल्या. महाराजांच्या घोंगडीतून पाणी ठिबकत होते. पायरीवरून ओघळ खाली आला होता.

"पाणी कुणी सांडलं इथं?" हणमंतरावांनी विचारले.

"मी तर आत्ताच आले," भागीरथीबाई म्हणाल्या.

माठ जागेवर भरलेला होता. आभाळात ढग नव्हता. हणमंतरावांनी महाराजांच्या ओल्या पायांकडे बघितले आणि पुन्हा बघितले नाही. संध्याकाळी त्यांनी वेस सोडली, घरी गेले आणि जेवले नाहीत. जे दिसले ते त्यांनी कुणालाही सांगितले नाही.

पुढच्या पाच दिवसांत गावात कुणी तापले नाही. एका म्हाताऱ्याला पडसे झाले, पण ते त्याला बाराही महिने असे.

सहाव्या दिवशी, नदीचे पाणी ओसरल्यावर, धुरपदा परत आली. खरबीत आणि ताडवाडीत लोकांनी तिला थांबवून थांबवून लेकरू बघितले होते, त्यामुळे बातमी तिच्या आधीच पोचली होती आणि सगळे गाव वेशीत गोळा झाले होते. ठकू तिच्या कडेवर होती, वाळली होती, पण डोळे टकटकीत. धुरपदेने आधी महाराजांच्या पायांवर ठकूला घातले आणि मग सगळे सांगितले.

"नदीवर महाराज होते?" हणमंतराव म्हणाले. "अगं, ते इथं होते. मी दिवसभर समोर बसलो होतो."

"मालक, मी खोटं कशाला बोलू? डाक्तरनं बी बघितलं त्यांस्नी."

हणमंतराव पुढे काही बोलणार, तोच मागून भागीरथीबाईंचा आवाज आला. चार माणसांत त्या कधी बोलत नसत. "पानी सांडलं होतं की देवडीत. तुमीच इचारलं होतं मला."

गाव ऐकत होते. हणमंतरावांनी नाही म्हटले नाही. ते सावकाश पायरी चढले आणि महाराजांच्या पायांवर वाकले. आजवर ते इतके खाली कधी वाकलेच नव्हते, म्हणून त्यांना जे दिसले तेही पहिल्यांदाच दिसले. महाराजांच्या टाचांच्या भेगांत काळी माती वाळून बसली होती. धामणखेडची जमीन तांबडी, मुरमाड. काळी माती आहे ती खरबीच्या पुढे, नदीकाठाला.

"महाराज," हणमंतराव म्हणाले, "म्हणजे नेता आलं असतं. माझ्या माधवलाही..." अठरा वर्षे त्यांनी मान ताठ ठेवली होती ती एवढ्याचसाठी, की हा प्रश्न कधी मनात येऊ नये.

महाराजांनी हळूच पाय ओढून घेतले. "तू गावाचं वाईट चिंतलं न्हाईस, हणमंता. ते मला ठावं हाय. पण माझ्या पाया पडून काय व्हनार? मी तुझ्याकडं कवा वाट मागितली न्हाई. जिनं मागितली, ती बघ, मागं उभी हाय."

हणमंतराव उठले आणि वळले. बायका बाजूला झाल्या. भागीरथीबाई एकट्या उभ्या राहिल्या, जिथे अठरा वर्षांपूर्वी उभ्या होत्या तिथेच, वेशीच्या आतल्या दगडावर. हणमंतरावांनी फेटा काढून हातात घेतला.

भागीरथीबाई म्हणाल्या, "वाट द्या, म्हनाले होते मी त्या दिवशी. दोनदा म्हनाले होते."

"हो," हणमंतराव म्हणाले. "दोन्हीदा ऐकलं होतं मी."

आणि त्या मानी माणसाने सगळ्या गावासमोर आपल्या बायकोच्या पायांशी डोके टेकले. भागीरथीबाई मागे सरल्या नाहीत. त्या रडत होत्या, आणि महाराजही घोंगडीच्या कोपऱ्याने डोळे पुशीत होते.

धुरपदेने धुऊन घडी केलेली गोधडी पुढे केली. भागीरथीबाई म्हणाल्या, "माझ्याकडं नको. मारुतीजवळ ठिव. कुनाच्या लेकराला लागंल."

ती गोधडी वेशीत पुष्कळ वर्षे होती. आजारी लेकरू घेऊन निघालेली आई ती घेऊन जायची आणि धुऊन परत आणून ठेवायची. आषाढातला तो मंगळवार आला तरी हणमंतराव आधी घरोघरी जाऊन लेकरांची पोटे बघून येत आणि मगच वेस बांधत. एरवी ते महाराजांसमोरच्या देवडीत बसलेले असत. एखादी आई गोधडी उचलून दवाखान्याच्या वाटेला लागली की ते फेटा हातात घेऊन उठून उभे राहत आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बसत नसत.